आठ लाखांचे सॉफ्टवेअर आणि एक अंगठा

जुलै २०२३ मध्ये आम्ही आमच्या कोल्ड स्टोअरेजसाठी खास सॉफ्टवेअर तयार करून घेण्याचा करार एका कंपनीशी केला. जानेवारी २०२४ अखेर ते हातात पडायचे होते, आणि आज हे लिहीत असताना आमच्या गेटवर आवक-जावकीची नोंद जुन्याच लाल बांधणीच्या रजिस्टरात होत आहे. मधल्या काळात सत्तर टक्के रक्कम दिली गेली, वकिलाची नोटीस गेली, तिकडून उलट नोटीस आली, आणि न्यायालयाच्या दारापर्यंत गेलेले प्रकरण दावा दाखल होण्याआधी मध्यस्थीत मिटले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण तडजोडीत तसे ठरले आहे. शिवाय नाव कळून वाचकाचा फारसा लाभ होईल असे मला वाटत नाही. हाच करार आणि हीच उत्तरे दुसऱ्या पाटीखालीही भेटतात. म्हणून कंपनीची सेवा, तिने पुढे केलेला करार आणि शेवटी उपयोगी पडलेली मध्यस्थी, या तिन्हींविषयी जे पाहिले ते लिहितो.

आधी आम्हाला काय हवे होते ते सांगितले पाहिजे, कारण सारा वाद तिथूनच निघाला. आमचे स्टोअरेज तासगाव तालुक्यात आहे आणि त्यात मुख्यतः बेदाणा असतो. फेब्रुवारीपासून शेतकरी पंधरा किलोच्या पेट्या आणून ठेवतात, आम्ही लॉट नंबर पाडतो, चेंबर आणि रांग लिहून पावती देतो. पुढे सौद्यात माल विकला जातो, पण पेटी बहुतेक वेळा जागची हलत नाही. मालक तेवढा बदलतो. २१२ पेट्यांच्या लॉटमधून १४० पेट्या व्यापाऱ्याने घेतल्या, उरलेल्या ७२ पेट्यांवर शेतकऱ्याने बँकेचे तारण कर्ज काढले, त्यानंतर व्यापाऱ्याने आपल्या १४० पैकी ५० पेट्या तिसऱ्यालाच विकल्या, आणि हे सगळे घडेपर्यंत त्या २१२ पेट्या त्याच चेंबरमध्ये त्याच रांगेत उभ्या. भाडे कोणत्या तारखेपासून कोणाच्या नावावर लावायचे आणि बँकेच्या पत्राशिवाय कोणती पेटी गेटबाहेर सोडायची नाही, हे आमच्या जुन्या गोदाम व्यवस्थापकांच्या डोक्यात असते. ते निवृत्तीला आले म्हणून सॉफ्टवेअरचा विचार सुरू झाला. टॅलीत हिशेब बसतो, पण पेटी कुणाची आणि कुणाकडे अडकलेली, हे बसत नाही. तयार मिळणारी दोन-तीन पॅकेजेस पाहिली. ती बटाट्याच्या आणि सफरचंदाच्या स्टोअरेजसाठी केलेली दिसत होती आणि त्यांत लॉट एकदा आला की एकदाच जातो असे गृहीत धरलेले होते.

कंपनीचे विक्री प्रतिनिधी दोनदा येऊन गेले. माणूस बोलायला गोड आणि वेळेचा पक्का होता, हे मान्य केले पाहिजे. “आम्ही अशी तीन कोल्ड स्टोअरेज केली आहेत” असे त्यांनी सांगितले आणि आम्ही त्या तिघांची नावे विचारली नाहीत. एकूण किंमत ९ लाख ६० हजार रुपये, वर १८ टक्के जीएसटी. करारावर सही करताना चाळीस टक्के, आराखडा मंजूर झाल्यावर तीस, सॉफ्टवेअर सुपूर्द केल्यावर वीस आणि तीन महिने चालवून पाहिल्यानंतर दहा टक्के. नोव्हेंबर २०२३ पर्यंत पहिले दोन हप्ते, म्हणजे करासह ७ लाख ९२ हजार ९६० रुपये, आमच्याकडून गेलेले होते. त्या बदल्यात आमच्या हातात रंगीत चित्रांची एक फाइल होती. स्क्रीन कसे दिसतील याची ती चित्रे होती आणि दिसायला ती खरोखरच सुरेख होती.

पहिले प्रात्यक्षिक जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात झाले. वजनकाट्याशेजारच्या आमच्या छोट्या कार्यालयात टेबलावर लॅपटॉप ठेवून कंपनीकडून आलेल्या मुलाने लॉग-इन, शेतकऱ्याची नोंद आणि आवक पावती दाखवली. पावती छान छापली गेली. मग आमच्या गोदाम व्यवस्थापकांनी मागच्या वर्षीची एक खरी पावती पुढे सरकवली आणि म्हणाले, “आता यातल्या १४० पेट्या विका.” त्या मुलाने खरेदीदाराचे नाव भरले, बटण दाबले, आणि सगळ्याच्या सगळ्या २१२ पेट्या व्यापाऱ्याच्या नावावर गेल्या. उरलेल्या ७२ पेट्या कुठे गेल्या असे विचारल्यावर तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “हे पुढच्या व्हर्जनमध्ये येईल, सर.” आमचे व्यवस्थापक काहीच बोलले नाहीत. त्यांनी ती पावती घडी करून पुन्हा खिशात ठेवली.

त्यानंतर पुढच्या व्हर्जनची वाट पाहण्यात अख्खा हंगाम गेला. २७ मार्च २०२४ रोजी ईमेलने एक लिंक आली आणि “सिस्टीम सुपूर्द करण्यात येत आहे” असे त्यात लिहिलेले होते. लॉट फोडण्याची सोय त्यातही नव्हती. तारण हा शब्द यादीत दिसत होता, पण त्यावर दाबले की कोरे पान उघडत असे. मे महिन्यात कंपनीत आमचे काम पाहणारा मुलगा नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी आलेल्याने आम्हाला पहिल्यापासून सगळे पुन्हा विचारायला सुरुवात केली, आणि जुलैमध्ये तोही फोन उचलेनासा झाला. कंपनीच्या सेवेविषयी यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे नाही. लबाडीपेक्षा तेथे घिसाडघाई अधिक होती, असे माझे आजही मत आहे.

करार मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. तो चौदा पानांचा होता, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर केलेला, आणि त्यातली कामाची व्याप्ती दीड पानात आटोपलेली होती. “कोल्ड स्टोअरेजच्या कामकाजाच्या सर्व आवश्यक गरजा पूर्ण करणारी संगणकीय प्रणाली” असे वाक्य त्यात होते आणि सही करताना ते मला आमच्या बाजूचे वाटले होते. वकिलांनी ते वाचले आणि विचारले, “आवश्यक म्हणजे कोणत्या, हे कुठे लिहिले आहे?” लॉट फोडणे, मालकी बदलणे, तारणाची अडकवणूक, हे तीन शब्द चौदा पानांत एकदाही नव्हते. आम्ही ते तोंडी सांगितले होते, चहा पिताना सांगितले होते, एकदा कागदावर चौकोन काढूनही दाखवले होते. तो कागद त्यांनी नेला.

पैशांचे टप्पेही तारखांना आणि ‘मंजुरी’ला बांधलेले होते, चालणाऱ्या कामाला नाही. उशिरासाठी दर आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के दंड होता, म्हणजे कितीही वर्षे गेली तरी ४८ हजार रुपये. भारतीय करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात आकडा लिहिलेला असला की न्यायालय वाजवी भरपाई देते, पण ती त्या आकड्याच्या वर जात नाही. त्यामुळे उशिराच्या नुकसानीपुरते आम्ही आमच्या सहीनेच स्वतःला ४८ हजारांत कोंडून घेतले होते. त्याहून वरचढ कलम बाराव्या पानावर होते. कंपनीची एकूण जबाबदारी ही “तक्रार उद्भवण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत मिळालेल्या शुल्काइतकीच” राहील, असे त्यात म्हटले होते. आमचा शेवटचा हप्ता नोव्हेंबरात गेला होता आणि लेखी तक्रार एप्रिलमधली. त्या तीन महिन्यांत आम्ही एक रुपयाही दिलेला नव्हता. म्हणजे शब्दशः वाचले तर कंपनीची जबाबदारी शून्य. हे कलम लिहिणाऱ्याच्या बुद्धीला दाद द्यावीशी वाटते.

मुदतीच्या बाबतीत चूक निखळ आमची होती. करार कायद्याचे ५५ वे कलम असे सांगते की ज्या करारात वेळेला महत्त्व आहे, त्यात वेळ चुकली तर समोरच्याला करार रद्द करता येतो. पण त्याने उशिरा केलेले काम स्वीकारले आणि स्वीकारताना ‘मी भरपाई मागणार आहे’ असे कळवले नाही, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. आम्ही फेब्रुवारीपासून दर आठवड्याला फोनवर “चालेल, पण लवकर करा” असे म्हणत होतो. आमच्या वकिलांनी हे वाक्य ऐकले आणि पेन खाली ठेवले. सुदैवाने आम्ही उशीर चालवून घेतला होता, काम स्वीकारलेले नव्हते. पण ते स्वीकारलेले नव्हते हे सिद्ध करणेच पुढे सर्वांत अवघड झाले, आणि त्याला कारण तो अंगठा.

प्रकार असा झाला. मार्चमध्ये त्यांच्या मुलाने व्हॉट्सॲपवरील गटात आवक पावतीच्या स्क्रीनचे छायाचित्र टाकले आणि खाली लिहिले, “डिलिव्हरी डन, प्लीज कन्फर्म.” आमच्या गेटवरच्या पोराने, ज्याला त्या गटात केवळ छपाईचा कागद कोणत्या मापाचा आहे हे सांगण्यासाठी घेतले होते, त्याखाली अंगठा उठवला. त्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘पाहिले’ एवढाच होता. कंपनीच्या उत्तरी नोटिशीत तो अंगठा “ग्राहकाच्या अधिकृत प्रतिनिधीने दिलेली स्वीकृती” म्हणून अवतरला. आमच्या आजोबांच्या पिढीत अंगठा उठवायचा तर निदान शाई लागत असे आणि शेजारी दोन साक्षीदार बसत. तरीही लोकांच्या जमिनी गेल्या. इथे ना शाई, ना साक्षीदार, आणि अंगठा देणाऱ्याला आपण काही दिले हेच ठाऊक नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही वकिलांकडे गेलो तेव्हा पहिला विचार ग्राहक आयोगाचा होता, कारण तो स्वस्त आणि ओळखीचा. वकिलांनी तो तिथल्या तिथे बाजूला ठेवला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यावसायिक कारणासाठी वस्तू किंवा सेवा घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नाही. अपवाद आहे तो स्वतः राबून त्यावरच पोट भरणाऱ्या माणसाचा. एकट्याने दुकान चालवणाऱ्याने बिलिंगसाठी सॉफ्टवेअर करून घेतले असते तर त्याला निदान युक्तिवाद करता आला असता. आमच्याकडे चौदा कामगार आहेत. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉली मेडिक्युअर विरुद्ध ब्रिलिओ टेक्नॉलॉजीज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, धंद्याचे कामकाज संगणकावर नेण्यासाठी सॉफ्टवेअर घेणारी कंपनी नफ्याशी निगडित कारणासाठीच ते घेते, म्हणून ती ग्राहक ठरत नाही, असा निर्णय दिला, तेव्हा वकिलांनी तो मला आवर्जून पाठवला. फौजदारी तक्रारीचा विषय एका संध्याकाळीच संपला. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दाखवता येत नसेल तर हा दिवाणी मामला आहे, असे पोलिसांनी सांगितले, आणि ते बरोबरच होते.

उरला व्यावसायिक न्यायालयाचा मार्ग. व्यावसायिक न्यायालय कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा व्यावसायिक वाद या न्यायालयात जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करणे कलम १२ क प्रमाणे सक्तीचे आहे. पाटील ऑटोमेशनच्या खटल्यात ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती इतकी पक्की केली की मध्यस्थी टाळून केलेला दावा फेटाळला जातो. आम्हाला हे तेव्हा निव्वळ वेळकाढूपणाचे वाटले. कराराचा भंग झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते; त्यातले महिने यात जातील ही धास्ती होती. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत मोजला जात नाही, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला.

पण त्याआधी कंपनीची उलट नोटीस आली, आणि ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशार चाल होती. कंपनी ‘उद्यम’ या लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीतला सूक्ष्म उद्योग होती. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज चढते, आणि त्याची मागणी याच कायद्याखाली अशा थकबाकीचे वाद पाहणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते. उरलेले तीस टक्के, कर आणि हे व्याज आम्हीच द्यावे, असा त्यांचा दावा होता. म्हणजे जे सॉफ्टवेअर चालत नाही त्याचे देणेकरी आम्ही. याच कायद्यात ‘मानलेली स्वीकृती’ अशी एक कल्पना आहे. माल किंवा सेवा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी आक्षेप घेतला नाही तर ती स्वीकारली असे धरले जाते. फोनवर केलेला आरडाओरडा येथे कामाचा नाही.

२७ मार्चच्या लिंकनंतर मी फोनवर काय काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही, पण लेखी मी एक अक्षर कळवलेले नव्हते. आमचा हिशेब पाहणाऱ्या ताईंनी मात्र ८ एप्रिलला, म्हणजे बाराव्या दिवशी, कंपनीला एक ईमेल पाठवलेला निघाला. त्यांना कुणी सांगितले नव्हते. मार्चअखेरची कामे आटोपल्यावर त्यांनी लिंक उघडून एकेक स्क्रीन तपासली होती आणि चुका क्रमांक घालून लिहिल्या होत्या, एकूण ३१. सातव्या क्रमांकावर होते, “लॉटमधील काही पेट्या विकल्यास संपूर्ण लॉट खरेदीदाराच्या नावे जातो.” शेवटी लिहिले होते, “वरील दुरुस्त्या होईपर्यंत आम्ही ही प्रणाली वापरण्यास घेऊ शकत नाही.” वकिलांनी ते वाक्य दोनदा वाचले. आमच्याकडून या संपूर्ण व्यवहारात लिहिला गेलेला हा एकमेव उपयोगाचा मजकूर, आणि तो लिहिणाऱ्या व्यक्तीला करार दाखवण्याचे आम्हाला कधी सुचले नव्हते.

पुराव्याच्या तयारीविषयी थोडे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे ईमेल, व्हॉट्सॲप संभाषण वगैरेंच्या छापील प्रती पुरावा म्हणून द्यायच्या तर सोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते: एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहता येणारा संकेतांक, नमूद करावी लागते. जुन्या कायद्यातही प्रमाणपत्राची अट होती, आणि ती टाळता येत नाही हे ज्या निकालाने २०२० मध्ये पक्के झाले तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून निघालेला, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. माझा फोन मधल्या काळात बदलला होता. जुने संभाषण नव्या फोनवर आले खरे, पण निम्मी छायाचित्रे उघडत नव्हती. जुना फोन भाच्याच्या खणात सापडला, बॅटरी फुगलेला. त्याला चार्जिंगला लावून आम्ही सगळे भोवती उभे होतो तो प्रसंग आठवला की आज हसू येते, त्या दिवशी येत नव्हते.

आता मध्यस्थीविषयी, कारण चांगले म्हणावे असे या साऱ्यात ते एकच आहे. करारात न्यायक्षेत्र कंपनीच्या शहराचे होते, म्हणून अर्ज तेथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा लागला. अर्जाचे शुल्क एक हजार रुपये. तीन ते दहा लाखांच्या दाव्यासाठी मध्यस्थीची फी पंधरा हजार, ती दोन्ही पक्षांनी निम्मी-निम्मी भरायची, म्हणजे आमच्या वाट्याला साडेसात हजार. समोरचा पक्ष आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याची वाट मोकळी होते. आमच्या बाबतीत कंपनी दुसऱ्या नोटिशीनंतर आली. अर्जापासून तीन महिन्यांत प्रक्रिया संपवायची असते, दोन्ही पक्ष राजी असतील तर आणखी दोन महिने मिळतात. आमच्या चार बैठका झाल्या.

मध्यस्थ पेशाने वकील असलेल्या एक बाई होत्या. पहिल्या बैठकीत त्यांनी कलमांविषयी कुणालाच बोलू दिले नाही. “बेदाण्याची पेटी आली की काय होते ते मला सांगा,” असे त्या म्हणाल्या आणि आमच्या गोदाम व्यवस्थापकांनी वीस मिनिटे सांगितले. नंतर त्यांनी कंपनीच्या संचालकांना विचारले, “हे तुम्हाला माहीत होते का?” संचालक म्हणाले, “इतके तपशीलवार नाही.” त्यावर त्यांनी काही शेरा मारला नाही, फक्त लिहून घेतले. खोलीतली हवा मात्र बदलली. दुसऱ्या बैठकीपासून त्या दोन्ही पक्षांना वेगवेगळे भेटू लागल्या, आणि इथे बोललेले पुढे न्यायालयात वापरता येत नाही हा नियम असल्याने माणसे खरी बोलत होती. कंपनीनेही आपले गाऱ्हाणे मांडले, आणि ते अगदीच खोटे नव्हते: आम्ही शेतकऱ्यांची जुनी यादी दोन महिने उशिरा दिली होती आणि पावतीचा नमुना चार वेळा बदलला होता.

गाडी अडली ती बाराव्या पानावरच्या त्या शून्य जबाबदारीच्या कलमापाशी. येथे आमच्या वकिलांनी ‘तीन कोल्ड स्टोअरेज’ बाहेर काढली. ती कोणती, त्यांची नावे द्या, असे त्यांनी लेखी विचारले होते आणि उत्तर आलेले नव्हते. विक्रीच्या वेळी केलेले खोटे विधान हा करारातल्या मर्यादांना छेद देणारा मुद्दा ठरू शकतो, हे सांगताना त्यांनी इंग्लंडमधल्या एका खटल्याची गोष्ट सांगितली, ती येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने २००० मध्ये ईडीएस या कंपनीला ग्राहकसेवेच्या प्रणालीचे काम दिले, ते रखडले आणि वाद न्यायालयात गेला. ईडीएसचा एक महत्त्वाचा साक्षीदार आपण कॅरिबियनमधल्या एका महाविद्यालयातून एमबीए झाल्याचे शपथेवर सांगत होता, तिथल्या वर्गांची वर्णनेही करत होता. बीस्कायबीच्या बॅरिस्टरने त्याच महाविद्यालयाची पदवी आपल्या लुलू नावाच्या कुत्रीच्या नावे मिळवून न्यायालयापुढे ठेवली, आणि लुलूला साक्षीदारापेक्षा गुण जास्त होते. २०१० च्या निकालात काम किती काळात होईल याविषयी ईडीएसने केलेले विधान फसवे ठरले, त्यामुळे करारातली तीन कोटी पौंडांची मर्यादा लागू झाली नाही, आणि शेवटी ३१ कोटी ८० लाख पौंडांवर प्रकरण मिटले. आमच्यासमोर बसलेल्या कंपनीच्या संचालकांची पदवी खरी होती, याबद्दल शंका नाही. तीन कोल्ड स्टोअरेजची नावे मात्र त्यांना तिसऱ्या बैठकीतही देता आली नाहीत, आणि त्यानंतर बाराव्या पानाचा उल्लेख कुणी केला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये तडजोड झाली. कंपनीने ४ लाख ७५ हजार रुपये तीन हप्त्यांत परत करायचे, उरलेल्या तीस टक्क्यांची आणि व्याजाची मागणी सोडायची, आणि जेवढे लिहिले गेले आहे तेवढा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिखित मजकूर, आमच्या स्वाधीन करायचा. या शेवटच्या अटीवर एक पूर्ण बैठक खर्ची पडली. पैसे देऊन लिहून घेतलेला प्रोग्राम आपलाच, असे मी धरून चाललो होतो. कॉपीराइट कायदा, १९५७ तसे म्हणत नाही. पगारी नोकराने नोकरीत केलेले काम मालकाचे होते. बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलेले सॉफ्टवेअर, करारात वेगळे लिहिले नसेल तर, करणाऱ्याचेच राहते, आणि हक्क आपल्याकडे यायचा तर तो सहीनिशी लेखी हस्तांतरित व्हावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असे १९ वे कलम धरते. आमच्या वकिलांनी मुदत ‘हक्काच्या संपूर्ण कालावधीसाठी’ अशी लिहून घेतली. अशा तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतके वजन असते. हप्ता चुकला असता तर नवा दावा न करता थेट अंमलबजावणी मागता आली असती. तशी वेळ आली नाही. शेवटचा हप्ता मे महिन्यात, दोन दिवस आधीच जमा झाला.

गुण द्यायचेच तर कंपनीच्या सेवेला पाचपैकी एक, तोही छापील पावतीसाठी आणि हप्ते वेळेवर फेडण्यासाठी. करार त्यांच्या बाजूने पाहिला तर साडेचार, आमच्या बाजूने शून्य. मध्यस्थीला चार, एक गुण एवढ्यासाठी कापला की प्रत्येक बैठकीला आमचा सगळा दिवस प्रवासात जात असे आणि गोदाम व्यवस्थापकांच्या गुडघ्यांना तो झेपत नव्हता. वकिलांची फी, प्रवास आणि प्रमाणपत्रे धरून आमचे सुमारे ८५ हजार गेले, म्हणजे परत आलेल्या रकमेतून निव्वळ ३ लाख ९० हजार उरले. दावा लढलो असतो तर कदाचित अधिक मिळाले असते. किती वर्षांनी, ते सांगायला वकीलही तयार नव्हते.

सोर्स कोड एका पेन ड्राइव्हवर आला. सांगलीत एकट्याने काम करणारा एक तरुण प्रोग्रामर आहे, त्याला तो दाखवला. यातले लॉग-इन, शेतकरी नोंद आणि पावती एवढेच घेण्यासारखे आहे, असे त्याने सांगितले, आणि बाकीचे नव्याने लिहायला घेण्याआधी तो आठ दिवस आमच्या गेटवर स्टूल टाकून बसला. त्याच्याशी केलेला करार साडेतीन पानांचा आहे. त्यातली तीन पाने म्हणजे ताईंची ती ३१ कलमांची यादी, उलट अर्थाने लिहिलेली. जुना कोड चाळताना विक्रीच्या भागात त्याला एक टीप सापडली, ती त्याने मला स्क्रीनवर दाखवली. कंपनीच्या पहिल्या मुलाने, मेमध्ये सोडून गेलेल्या त्या मुलाने, सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या चार महिने आधी, स्वतःसाठी लिहून ठेवले होते: “अर्धाच लॉट विकला तर? क्लायंटला विचारणे.”